सायकलस्वारांचा शेजारधर्म

या पानावर आम्ही नेहमी खत, बियाणे, ताप आणि खोकला यांविषयी लिहितो. सायकलीचे येथे काय काम, असे एखादा वाचक विचारील. परंतु पेडणे व डिचोली तालुक्यांत सायकल अजूनही कष्टकऱ्याचे वाहन आहे. गवताचा भारा, नारळांचे पोते, फवारणीचा पंप, पोदेराची पावांची टोपली तिच्यावरून जाते. शिवाय प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास सायकल मारणाऱ्याचा तो पाच दिवसांत पुरा होतो. तेव्हा विषय शेतीचा आहे आणि आरोग्याचाही.

रस्ते मात्र पूर्वीचे राहिले नाहीत. पेडण्यातून जाणारा महामार्ग रुंद झाला. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि अवेळीही मोटारी धावू लागल्या. डिचोलीतील खाणी २०१२ साली व पुन्हा २०१८ साली बंद पडल्या होत्या. २०२४ पासून तेथे खनिजाचे काम परत सुरू झाले आहे, आणि खनिज म्हटले की ट्रक आलेच. अशा रस्त्यावर सायकलवाल्याला पहिला आधार दुसऱ्या सायकलवाल्याचा.

पण सायकलवाले आता दोन तऱ्हांचे झाले आहेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी हेल्मेट घातलेले, हलक्या किमती सायकलींवरचे स्वार मये तलावाकडे किंवा हरमलच्या किनाऱ्याकडे जाताना दिसतात. ते एकमेकांना हात करतात, हसतात. फार चांगली रीत आहे. मात्र त्याच रस्त्याने कॅरियरवर भारा बांधून चाललेल्या मजुराजवळून ते असे जातात, जणू तो वाटेवरचा खांब आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू विचारतात की, आपल्याच माणसांना नमस्कार केलात तर त्यात विशेष ते काय केलेत? हा प्रश्न आमच्या रस्त्यांना नेमका लागू पडतो.

यावर काही तरुण म्हणतात, "आम्ही हात केला, त्याने उत्तरच दिले नाही." बाबांनो, त्याने द्यावे कसे? मागे चाळीस किलो वजन असले की पुढचे चाक हलके पडते आणि हँडल डुलू लागते. एक हात सोडला तर तो भाऱ्यासकट गटारात जाईल. म्हणून आमचे मत असे की, ज्याची सायकल हलकी त्याने आधी ओळख द्यावी, आणि उत्तराची वाट पाहू नये. मान हलवली तरी पुरे. या ओळखीचा एक व्यवहारी उपयोगही आहे: मान हलली म्हणजे त्याने आपल्याला पाहिले, आता तो एकाएकी आडवा येणार नाही.

चढणीवरही हाच न्याय. वजन घेऊन चढणाऱ्याला वाट द्यावी, उतरणाऱ्याने वेग आवरावा. चढणीवर थांबलेली जड सायकल पुन्हा चालू करणे किती कठीण, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

घंटीविषयी थोडे. ती दहा-पंधरा हात मागूनच वाजवावी आणि उजव्या बाजूने पुढे जावे. कानाशी येऊन वाजवली तर वयस्कर माणूस दचकतो, मागे वळून पाहतो आणि नेमका आपल्याच अंगावर येतो. महामार्गावर एकामागून एक चालावे. गप्पा गावच्या वाटेसाठी ठेवाव्यात. उलट बाजूने सायकल आणणे तर शेजाऱ्याला ट्रकपुढे ढकलण्यासारखे आहे, कारण समोरच्या बिचाऱ्याला रस्त्याच्या मध्यावर जावे लागते. रात्री मागे लाल व पुढे पांढरा दिवा हवा. नवे दिवे फार प्रखर असतात, त्यांचे तोंड थोडे खाली वळवावे.

इटलीत कोमो सरोवराजवळ गिसाल्लोच्या मातेचे लहानसे देवालय आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती घोषित केले. तेथे फाउस्तो कोप्पी व जीनो बार्ताली या नामांकित शर्यतपटूंच्या सायकली ठेवल्या आहेत. दोघे कट्टर प्रतिस्पर्धी. तरी १९५२ च्या फ्रान्सच्या शर्यतीत चढणीवर एकाने दुसऱ्याला पाण्याची बाटली दिली, त्याचे छायाचित्र जगभर गाजले. बाटली कोणी कोणाला दिली, यावर इटलीत पुढे पुष्कळ वाद झाला. आम्हांस तो वाद गोड वाटतो.

आमच्याकडे पाण्याइतकीच पंपाची गरज पडते. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असते, ती उन्हाने सडते. तिचा वीतभर तुकडा खिशात असावा. किमती सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक असतो. त्याचा पंप बहुधा साध्या सायकलीलाही चालतो. पण दुकानातल्या पंपाने बारीक व्हॉल्व्ह भरायचा तर एक लहान पितळी टोपी लागते. ती किमती सायकलवाल्याने जवळ बाळगावी, म्हणजे गावचा पंपवालाही त्याच्या उपयोगी पडेल. वाटेत कोणी सायकल उलटी करून बसलेला दिसला तर "काय हवे?" एवढे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काजूच्या हंगामात, एप्रिल-मे महिन्यांत, कोणी घेरी येऊन बसला तर त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून (चहाचे सपाट चमचे) घोट घोट द्यावे. बोलणे असंबद्ध असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, लगेच १०८ ला फोन करावा.

अपघातात पडलेल्याची मान वळवू नये, त्याला ओढून बसवू नये. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. पुष्कळजण पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जातात. ती भीती आता ठेवण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या बाजूने आदेश दिला, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दावा वा खटला होत नाही, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ वर बोलताना गाव, वाडा आणि जवळचे देऊळ, चर्च किंवा तिठा यांचे नाव आधी सांगावे. रुग्णवाहिका त्याच खुणेवर येते.