चांदवड : यादवकुळाचे मूळ नगर

लीळाचरित्रात ज्यांची नावे येतात त्या महादेवराय व रामदेवराय यांच्या कुळाचा उगम कोठला, असे वासनिक विचारतात. शके 991 (इ. स. 1069) च्या वसई येथील दानलेखात मूळपुरुष दृढप्रहाराचे नगर चंद्रादित्यपुर म्हटले आहे, विद्वान ते आजचे चांदवड मानतात. हेमाद्री मात्र व्रतखंडातील राजप्रशस्तीत श्रीनगर हे नाव देतो. हेमाद्रीविषयी आपल्या परंपरेची आठवण कडवट आहे. पण तेवढ्यावरून त्याचा लेख टाकू नये. दानलेख त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा, म्हणून त्याचा भार अधिक, इतकेच.

नाशिकच्या ईशान्येस सुमारे 65 किलोमीटरवर, मुंबई-आग्रा मार्गालगत, डोंगरांच्या पायथ्याशी हे गाव आहे. वाट राखणारे ठाणे, हेच त्याचे महत्त्व. म्हणूनच 1804 त इंग्रजांनी किल्ला घेतला, परत दिला, आणि 1818 त कायमचा घेतला. डोंगरात जैन लेणी व रेणुकेचे मंदिर आहे. साधकांनी जिज्ञासेने पाहावे. श्रीचरणसंबंधाने पवित्र झालेले स्थान आणि राजकुळाचे गाव यांत भेद राखावा. गावातील होळकरांच्या रंगमहालाचे कोरीव लाकूडकाम मात्र आवर्जून पाहण्यासारखे आहे.