संकलक रॉबर्ट वाइज

चित्रपट पाहताना नट दिसतात, त्यांचे वेष दिसतात, गीते ऐकू येतात. परंतु संकलक कोठेच दिसत नाही. चित्रण केलेली फीत प्रथम विस्कळीत असते. कथेचा शेवट कधी पहिल्याच दिवशी टिपलेला असतो, तर एखादा लहानसा प्रसंग दहा वेळा टिपलेला असतो. या पसाऱ्यातून योग्य ते तुकडे निवडावयाचे, ते एकापुढे एक जोडावयाचे आणि कथेला गती द्यावयाची, हे संकलकाचे काम होय. ज्या काळी फीत खरोखरच हाताने कापून चिकटवीत असत, त्या काळी रॉबर्ट वाइज या कलेत निष्णात झाले.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात विंचेस्टर नावाचे गाव आहे. तेथे १० सप्टेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. वृत्तपत्रात लेखन करावे, या इच्छेने ते महाविद्यालयात गेले. पण ते दिवस मोठ्या आर्थिक मंदीचे होते. १९३३ मध्ये पैशाअभावी शिक्षण सोडावे लागले. त्यांचे बंधू हॉलिवूडमधील आर. के. ओ. या चित्रसंस्थेत नोकरीस होते. त्यांच्या ओळखीने वाइज यांनाही तेथे काम मिळाले. काम कसले, तर फितींचे डबे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वाहून नेण्याचे! पण डबे वाहता वाहता त्यांनी आत काय आहे हे जाणून घेतले. आधी ध्वनीची जुळणी आणि मग विल्यम हॅमिल्टन या अनुभवी संकलकाच्या हाताखाली चित्रसंकलन, अशी त्यांची उमेदवारी झाली.

१९४१ साली प्रकाशित झालेल्या 'सिटिझन केन' या चित्रपटाचे संकलन त्यांनी केले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स हे त्यांच्याहून काही महिन्यांनी लहानच होते. या चित्रपटात एक जुना वार्तापट दाखवावयाचा होता. नवी कोरी फीत जुनी कशी दिसणार? वाइज यांनी ती सिमेंटच्या जमिनीवरून फरफटत नेली. तिच्यावर ओरखडे उमटले आणि ती झिजलेली दिसू लागली. याच चित्रपटात एका दांपत्याचा अनेक वर्षांचा संसार न्याहारीच्या मेजावर काही मिनिटांत उलगडतो. आरंभी दोघे जवळ बसून गोड बोलतात. शेवटी पत्नी मुकाट्याने पतीच्या प्रतिस्पर्ध्याचे वृत्तपत्र वाचीत बसलेली दिसते. कोणता तुकडा कोठे तोडावा, हे ज्याला कळते त्यालाच एवढा काळ एवढ्या थोड्या अवधीत बसविता येतो.

पुढच्याच वर्षी मात्र कठीण प्रसंग आला. वेल्स यांचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' हा चित्रपट सुमारे १३१ मिनिटांचा झाला होता. वेल्स दुसऱ्या चित्रपटासाठी ब्राझीलमध्ये होते. मार्च १९४२ मध्ये पोमोना येथे तो चाचणीसाठी दाखविला, तेव्हा काही प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसले, काही उठून गेले. मालक घाबरले. दूर देशाहून वेल्स यांच्या लांबलचक तारा येत होत्या. परंतु निर्णय चित्रसंस्थेच्या हाती होता. तिच्या आज्ञेने चित्रपट ८८ मिनिटांवर आणला गेला आणि त्याला निराळा, सुखाचा शेवट जोडला गेला. कात्री वाइज यांच्या हाती होती. जोडणीसाठी लागणारे काही नवे चित्रणही त्यांनीच केले. वेल्स यांना याचे दुःख अखेरपर्यंत राहिले. सारा दोष नोकरीत असलेल्या संकलकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. तथापि त्याचा या कामात हातच नव्हता, असेही म्हणता येत नाही.

१९४४ मध्ये एका चित्रपटाचा दिग्दर्शक वेळापत्रकात मागे पडला, म्हणून ते काम वाइज यांच्याकडे सोपविण्यात आले. तेव्हापासून ते दिग्दर्शक झाले. १९४९ च्या 'द सेट-अप' मध्ये एका मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातील जेवढा वेळ दाखविला आहे, जवळजवळ तेवढाच वेळ चित्रपट चालतो. संकलकाचे कालभान ते हेच. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) या चित्रपटासाठी जेरोम रॉबिन्स यांच्यासह, आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) साठी एकट्याने, त्यांनी दिग्दर्शनाचे ऑस्कर पारितोषिक मिळविले. १४ सप्टेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची कागदपत्रे लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत. पटकथा, पत्रे, टिपणे असे कागद रद्दीसारखे दिसतात. पण पडद्यावर अदृश्य राहिलेले कष्ट त्यांतच सापडतात. 'अँबरसन्स'चे उदाहरण पाहा. कापून काढलेली फीत चित्रसंस्थेने पुढे नष्ट केली. मात्र मूळ लांबीच्या चित्रपटातील दृश्यांची आणि संवादांची क्रमवार लेखी नोंद वाचली. तिच्यावरून कोणता प्रसंग कोठे होता, हे अभ्यासकांना समजले. वेल्स यांनी योजिलेला, भाड्याच्या खोल्यांच्या घरातील तो उदास शेवट आज वाचता येतो. पाहता मात्र येत नाही.