लिहून ठेवलेलं गाणं

आपल्याकडे गाणं गुरूच्या तोंडून शिकतात. फ्रान्स देशात रीत निराळी आहे. तिथं संगीत रचणारा माणूस प्रत्येक सूर कागदावर लिहितो. कुणी काय गायचं, कोणतं वाद्य कधी वाजवायचं, हे सगळं त्यात असतं. असं संगीत लिहिणाऱ्या एका मुलीची हकिकत आम्ही या धड्यात सांगतो.

तिचं नाव लिली बूलांजे. २१ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिस शहरात तिचा जन्म झाला. वडील संगीतकार होते, आई गात असे. थोरली बहीण नादियाही संगीत शिकत होती. लिली दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला. ती वाचली, पण प्रकृती कायमची खालावली. ती सहा वर्षांची असताना वडील वारले.

फ्रान्समध्ये तेव्हा 'रोम पारितोषिक' नावाची मोठी स्पर्धा होत असे. संगीताच्या स्पर्धकांना काही आठवडे एका वाड्यात वेगळं ठेवत. दिलेल्या काव्याला तिथं बसून संगीत लिहायचं. लिलीच्या वडिलांनी १८३५ साली हे बक्षीस मिळवलं होतं. नादियाला १९०८ साली दुसरं बक्षीस मिळालं. पण संगीतातलं पहिलं बक्षीस कुठल्याच बाईला मिळालं नव्हतं. १९१२ साली लिली स्पर्धेला बसली, पण आजारामुळं तिला मधेच उठावं लागलं. तिनं हाय खाल्ली नाही. १९१३ साली ती पुन्हा बसली आणि पहिली आली. तेव्हा ती १९ वर्षांची होती.

१९१४ साली महायुद्ध पेटलं. संगीत शिकणारी पुष्कळ मुलं शिपाई झाली. दोघी बहिणींनी त्यांच्या मदतीसाठी मंडळ काढलं. त्यांची पत्रं छापून एकमेकांना पोचवली. दुखणं सोसत लिलीचं लिहिणंही चालूच होतं. सर्व जिवांचं भलं मागणाऱ्या एका जुन्या बौद्ध प्रार्थनेलाही तिनं संगीत दिलं.

अखेरीस लेखणी धरवेना. तेव्हा 'पिये जेझू' ही प्रार्थना तिनं अंथरुणावरून सांगितली आणि नादियानं लिहून घेतली. १५ मार्च १९१८ रोजी लिली वारली. वय अवघं २४.

नादिया १९७९ सालापर्यंत जगली. मोठी नामांकित शिक्षिका झाली. धाकट्या बहिणीचं संगीत तिनं लोकांना ऐकवलं. आजही गायक-वादक ते कागद समोर ठेवतात, आणि लिलीनं लिहिलेला सूर जसाच्या तसा उमटतो.

प्रश्न
१. लिलीला १९१२ साली स्पर्धा का सोडावी लागली?
२. शेवटची प्रार्थना कुणी सांगितली? कुणी लिहिली?
३. तुमच्या घरातलं कोणतं गाणं किंवा ओवी लिहून ठेवावी असं तुम्हांला वाटतं? ती वहीत लिहा.