पाईलचा भार कोण पेलतो?

नाशिक परिसरात गोदाम, कारखाना किंवा दुकानाची इमारत बांधताना आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची वर्षांची पुंजी लागते. पण काळ्या मातीत पाया चुकला तर दोन-तीन पावसाळ्यांतच भिंतींना तडे जातात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून अशा जागी पाईलचा पाया घेतात. त्याचे गणित मालकाला व मिस्त्रीला ठाऊक असणे आवश्यक आहे.

पाईल दोन प्रकारे भार पेलतो. एक, त्याच्या अंगाला बिलगलेल्या मातीच्या घर्षणाने. दुसरे, बुडाखालच्या थराच्या आधाराने. प्रत्येक थराचे घर्षण वेगळे असते, म्हणून थरवार हिशेब करून बेरीज करावी लागते.

उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. पाईलचा व्यास ४० सें.मी., म्हणजे घेर सुमारे १.२६ मीटर. वरची ३.५ मीटर काळी माती आकसून पाईलपासून सुटते, म्हणून तिचे घर्षण शून्य धरू. खाली ३ मीटर मुरूम, घर्षण चौरस मीटरला ३ टन : १.२६ × ३ × ३ = सुमारे ११ टन. बुडाचे क्षेत्रफळ ०.१२६ चौ. मीटर, खालच्या थराची ताकद चौरस मीटरला १५० टन : सुमारे १९ टन. एकूण ३० टन. याला २.५ ने भागले की सुरक्षित भार १२ टन.

यात मेख अशी की घर्षण पाईल काही मिलिमीटर खचताच कामाला लागते. मातीत बुडाचा पूर्ण आधार मिळायला मात्र बरेच जास्त खचावे लागते. त्यात भोकाच्या तळाशी गाळ राहिला, तर वरील १९ टन कागदावरच राहतात. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी तळ साफ करून घेणे हे सर्वांत मोलाचे काम होय.

दुसरा धोका आपल्या दख्खनच्या खडकाचा. कठीण काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी लाल मातीचा मऊ थर असतो. वरचा पाषाण पातळ असेल तर त्यावर टेकवलेला पाईल फसवा ठरतो. यासाठी तपासणीचे बोअर पाईलच्या तळापेक्षा खोल घ्यावे. तसेच नव्या भरावाची माती खचताना पाईलला खाली ओढते. तेथे घर्षण आधार नसून उलट ओझे असते.

काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगा असलेल्या पाईलची पद्धत विकसित केली. फुग्याचा व्यास साधारणतः दांड्याच्या अडीचपट असतो. फुगणारी माती पाईलला वर उचलू पाहते, तेव्हा हा फुगा त्याला खाली धरून ठेवतो. मात्र फुगा ओलावा बदलणाऱ्या थराखालीच हवा, आणि सळई पूर्ण लांबीची हवी.

सर्व पाईल एकाच खोलीचे ठरवून ठेका देऊ नये. प्रत्येक भोकातून निघालेली माती पाहावी, खोली वहीत नोंदवावी आणि एखाद्या पाईलवर ठरलेल्या भाराच्या दीडपट वजन ठेवून चाचणी घ्यावी. जमिनीखाली गाडलेले काम पुन्हा उघडून पाहता येत नाही.