खोडदची जाळी आणि टोमॅटोचे फूल

जुन्नर-आंबेगावकडच्या तुमच्यापैकी पुष्कळांनी खोडदची रेडिओ दुर्बीण पाहिली असेल. विज्ञान दिनाला तेथे शाळांच्या सहली जातात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. जवळ गेल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. तबकडी भरीव पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची आहे. आरपार आभाळ दिसते! मग लहरी त्यातून निसटत कशा नाहीत?

डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ज्या रेडिओ लहरी टिपायच्या होत्या, त्यांची तरंगलांबी सुमारे २० सेंटिमीटरपासून दोन मीटरच्याही पुढे आहे. जाळीची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सपाट आरशासारखीच. पत्रा टाळल्याने वजन घटले, वारा आरपार जाऊ लागला, खर्चही आवाक्यात आला. काय पाहायचे हे आधी ठरले होते, म्हणून हे साधले. दृश्य प्रकाशासाठी मात्र तीच जाळी कुचकामी ठरेल.

आज आपणही एक उपकरण निवडू या, पण आकाशासाठी नव्हे, टोमॅटोच्या फुलासाठी.

नारायणगावचा टोमॅटो तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळा फार तापला की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात आणि शेतकऱ्याचा तोडा हातचा जातो. उष्णतेने पराग दुबळे होतात, हे त्याचे एक कारण. समजा, एका प्रयोगशाळेला उष्णता सोसणारे वाण शोधायचे आहे. तिचा प्रश्न असा: कुक्षीवर पडलेला पराग रुजला का? त्याची परागनलिका कुक्षीवृंतातून अंडाशयापर्यंत पोचली, की वाटेतच अडली?

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ही नलिका भोवतालच्या पेशींत हरवून जाते. येथे फ्लुओरेसन्स, म्हणजे प्रतिदीप्ती, कामाला येते. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली याचा अभ्यास करून हे नाव दिले. घरी पाहायचे असेल, तर पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुस्करून गाळा आणि अंधारात त्या हिरव्या द्रावावर नोटा तपासण्याची जांभळी बॅटरी धरा. (बॅटरी डोळ्यांवर मारू नका, स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवा.) हिरवा द्राव रक्तासारखा लाल उजळेल. ती हरितद्रव्याची प्रतिदीप्ती. परागनलिकेच्या भित्तीत कॅलोज नावाचा पदार्थ असतो. ॲनिलीन ब्लू रंग त्याला चिकटतो आणि जंबुपार किरणांत उजळतो. काळ्या पार्श्वभूमीवर नलिका दोऱ्यासारखी दिसू लागते.

आता दुकानदार यादी पुढे करतो. पहिल्याच पानावर ‘१००० पट’! नवख्याचा हात तेथेच जातो आणि येथेच पैसे बुडतात. आपली नलिका काही मायक्रॉन जाड, पण तिची वाट कित्येक मिलिमीटर लांब. १००० पटीत त्या वाटेचा जेमतेम ठिपकाएवढा भाग दिसेल. आपल्याला १० पट आणि २० पट वस्तुभिंगे पुरतात.

मग वस्तुभिंगात पाहायचे काय? त्याच्यावर कोरलेला दुसरा आकडा, न्यूमेरिकल अपर्चर. भिंग नमुन्यापासून किती रुंद कोनात प्रकाश गोळा करते, ते हा आकडा सांगतो. तरंगलांबीला ०.६१ने गुणून या आकड्याने भागले, की किती जवळचे दोन बिंदू वेगळे दिसतील ते कळते. ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि ०.५चे भिंग घेतले, तर उत्तर सुमारे ०.६३ मायक्रॉन. नलिकेसाठी हे भरपूर झाले.

पण या आकड्याची खरी करामत उजेडात आहे. या सूक्ष्मदर्शकात नमुन्यावर प्रकाश टाकणारे आणि नमुन्याचा प्रकाश गोळा करणारे भिंग एकच. त्यामुळे उजळपणा आकड्याच्या चौथ्या घाताने वाढतो. २० पटीचे ०.५ऐवजी ०.७५चे भिंग घेतले, की १.५चा चौथा घात, म्हणजे पाचपट उजेड! खोली मात्र कमी स्पष्ट दिसते; कुक्षीवृंत मऊ करून काचपट्टीवर चेपायचा असल्याने ते चालते. माझे मत विचाराल तर चार पैसे जास्त घालायचे ते येथे.

कॅमेऱ्यातही आकड्यांची भूल आहेच. ६.५ मायक्रॉनचा चित्रकण २० पटीत नमुन्यावरचा ०.३२५ मायक्रॉन व्यापतो. तो ०.६३च्या जवळजवळ निम्मा, अगदी हवा तेवढा. २.४ मायक्रॉनचे कण असलेला ‘जास्त मेगापिक्सेल’वाला कॅमेरा प्रत्येक कणाला सातपट कमी प्रकाश देईल आणि नवे काही दाखवणार नाही. रंगीत कॅमेरा सुंदर दिसतो, पण त्याच्या कणांवरच्या रंगीत गाळण्या पुष्कळसा प्रकाश अडवतात. मंद नमुन्याला कृष्णधवल कॅमेराच बरा.

दिव्याचे काय? पाऱ्याचा दिवा प्रखर, पण दोन-तीनशे तासांत संपतो. शिवाय वीज गेली, की गार होईपर्यंत पुन्हा पेटवता येत नाही. ही अडचण आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको! एलईडी तत्काळ लागतो आणि हजारो तास चालतो. क्षयरोगाचे जंतू शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली एलईडीचीच शिफारस केली. मात्र तेथला निळा एलईडी आपल्या कामाचा नाही. ॲनिलीन ब्लूला सुमारे ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा दिवा हवा. स्वस्त संचात तो नसतो, हे आधी विचारून घ्यावे.

राहिल्या गाळण्या. आणि पालकाचा तो लाल उजेड आठवा. कुक्षीवृंतातही हरितद्रव्य असू शकते. गाळणी फक्त ‘निळ्याच्या पलीकडचे सारे’ सोडणारी असेल, तर तो लाल उजेडही आत येईल आणि कृष्णधवल कॅमेऱ्याला तो नलिकेहून वेगळा ओळखता येणार नाही. म्हणून निळसर-हिरव्याचा ठरावीक पट्टाच सोडणारी गाळणी मागावी.

एवढे झाले, तरी पैसे देऊ नयेत. विक्रेत्याने दाखवायला आणलेली झगझगीत काचपट्टी बाजूला ठेवावी आणि आपल्या दोन काचपट्ट्या लावाव्यात: एक सर्वांत मंद दिसणारी आणि दुसरी त्याच फुलाची, पण रंग मुळीच न लावलेली. दुसरीत दोरे दिसले, तर ते परागनलिकांचे नव्हेत.