एका महिन्यात कादंबरी, आणि त्या महिन्यातली बोलणी

एका महिन्यात कादंबरीचा पहिला खर्डा पुरा करायचा, हा लेखनाचा एक नेम आहे. त्याचे आजचे रूप अमेरिकेत ठरले. १९९९ च्या जुलैमध्ये ख्रिस बेटी या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या २१ जणांचा मेळ जमवून तो सुरू केला. पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात नेला गेला आणि तीस दिवसांत ५०,००० शब्द हे माप रूढ झाले. दिवसाचा हिशेब साधारण १,६६७ शब्दांचा येतो. हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ च्या मार्चअखेर आपले काम थांबवत असल्याचे जाहीर केले. माप मात्र लिहिणाऱ्यांकडे उरले आहे, आणि ते पाळायला कोणाच्या नोंदणीची गरज नाही.

मुदतीत कादंबरी लिहिणे मराठीला नवे नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. दर आठवड्याचे प्रकरण छापखान्याला वेळेत पोचलेच पाहिजे, ही मुदत तीस दिवसांच्या मुदतीपेक्षा कडक म्हणायला हवी. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून अंकासाठी मागितलेली दीर्घकथा किंवा लघुकादंबरी पावसाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत उतरवणारे लेखक मराठीत पिढ्यान्‌पिढ्या होत आले. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांनी तर रहस्यकथांची हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांना महिनाभर एकच पुस्तक लिहीत बसणे परवडलेच नसते. समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. वाचनालयातल्या नोंदवहीने घेतली.

वेगाने लिहिलेले ते उथळ, हा समज दोन पुस्तके मोडून काढतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि लेखन अवघ्या काही आठवड्यांचे होते. या दोन्ही उदाहरणांचा उपयोग नवा लेखक स्वतःला धीर द्यायला करतो, आणि तिथेच पहिली सावधगिरी हवी.  आईच्या आठवणी साने गुरुजींच्या मनात बालपणापासून साठत आल्या होत्या; पाच दिवसांत झाले ते उतरवण्याचे काम. महिन्याची मुदत मनात पिकून असलेल्या मजकुराला बाहेर काढते. नसलेला मजकूर ती निर्माण करत नाही. म्हणून पात्रे, त्यांची नाती, गाव, काळ आणि शेवटाकडे नेणाऱ्या तीन-चार घटना महिना सुरू होण्याआधी ठरलेल्या असाव्यात. रोज कोऱ्या पानासमोर बसून ‘आज काय घडवू’ असा विचार करणारा दुसऱ्या आठवड्यात थांबतो.

महिना कोणता, हा प्रश्न कोकणातल्या महाड-पोलादपूरच्या माणसाने स्वतःच्या पंचांगाकडे पाहून सोडवावा. नोव्हेंबर हा अमेरिकेतल्या उपक्रमाचा महिना. इकडे तो भाताच्या कापणी-झोडणीचा. घरात शेती असेल तर त्या दिवसांत संध्याकाळी हातात पेन धरवत नाही. जून-जुलै लावणीचे, आणि सावित्री-गांधारी नद्यांच्या पाण्याकडे डोळे लावून बसण्याचे. श्रावण संपता संपता मुंबईची मंडळी गणपतीला गावी येतात आणि घर भरून जाते. फाल्गुनात शिमगा असतो, चैत्र-वैशाखात लग्ने. उरतो पौष. पौषात लग्नमुहूर्त धरत नाहीत, भात कणगीत गेलेले असते, विजेचे जाणे-येणे पावसाळ्याइतके नसते आणि रात्री मोठ्या असतात. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात या भागात महिनाभर सलग लिहिता येईल असा काळ साधारण जानेवारीचाच. नोकरदार, विद्यार्थी किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने जाणारा कामगार यांचे गणित वेगळे पडेल. मात्र महिना निवडण्याचा निर्णय कोणाच्या तरी दूरच्या प्रथेवर सोडू नये.

शब्दांचे मापही मराठीला तसेच्या तसे लागू पडत नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि बरीच शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. इंग्रजीत तीन शब्द घेणारी गोष्ट मराठीत अनेकदा एका शब्दात बसते. त्यामुळे ५०,००० इंग्रजी शब्दांत मावणारी कादंबरी मराठीत त्याहून बऱ्याच कमी शब्दांत संपते. चाळीस हजारांच्या आसपासचे लक्ष्य नव्या लेखकाला पुरे. हाताने लिहिणाऱ्याने शब्द मोजत बसू नये. फुलस्केपच्या एका बाजूवर साधारण अडीचशे शब्द मावतात, म्हणून रोज पाच-सहा बाजू हे माप धरावे. मोबाइलवर बोलून लिहिणाऱ्याचा वेग मोठा असतो, पण विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची निस्तरणी मागाहून करावी लागते. ती त्याच दिवशी करायला बसू नये.

बोलून लिहिण्याचा प्रकारही जुना आहे. १८६६ च्या ऑक्टोबरात दोस्तोयेव्हस्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी अन्ना स्नित्किना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला सांगून २६ दिवसांत पुरी केली. मुदत चुकली असती तर पुढची नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. पुढच्याच वर्षी अन्नाशी त्याचे लग्न झाले, हा करारात नसलेला लाभ. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी ‘दासबोध’ सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, अशी परंपरा आहे. तो ग्रंथ महिन्यात झालेला नाही. पण ऐकणारा समोर असला की सांगणाऱ्याची अडखळ कमी होते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. फक्त तो ऐकणारा लिहून घेणारा असावा, मत देणारा नसावा.

इथून बोलण्यांचा विषय सुरू होतो, आणि महिना मोडतो तो बहुधा इथेच.

गावात किंवा छोट्या शहरात लिहिणे लपत नाही. गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सवसारख्या गावात कोण रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसतो, हे दुसऱ्या दिवशी चार घरांना ठाऊक असते. पहिली बोलणी घरातून येतात, आणि त्यांचा साहित्याशी संबंध नसतो. ‘लिहून पोट भरणार आहे का’, ‘एवढा वेळ अभ्यासाला दिला असतास तर’, ‘वहिनी एकटी राबतेय आणि हे बसलेत’ या वाक्यांमागे वेळ आणि कामाची वाटणी असते. शेवटचे वाक्य तर बरेचदा खरे असते. त्याला कलेच्या थोरवीचे उत्तर देऊन भागत नाही. महिन्याच्या आधी घरात बसून कोणते तास लेखनाचे, कोणती कामे बदल्यात आपली, आणि कोणत्या तारखेला हे संपणार, हे सांगितले की ही बोलणी निम्म्याने कमी होतात. संपण्याची तारीख सांगणे सर्वांत उपयोगी. कादंबरी नावाची अनिश्चित भानगड घरच्यांना भिववते, महिन्याचे व्रत त्यांना कळते. बाईने लिहायला घेतले तर हीच चर्चा अधिक कडू होते, कारण तिच्या वेळेवर सगळ्यांचाच हक्क धरलेला असतो. तिथे सासू किंवा मोठी जाऊ बाजूने असणे हे कोणत्याही लेखनकार्यशाळेपेक्षा मोलाचे.

दुसरी बोलणी वाचणाऱ्यांकडून येतात आणि ती जास्त लागतात. प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादे आदरणीय वाचक असतात, ज्यांनी खांडेकरांपासून आजवरचे सगळे वाचलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातला एक प्रसंग असा, की पहिली तीन प्रकरणे अशा एका ज्येष्ठांच्या पुढे वाचली गेली आणि ‘हे तर बातमीसारखं झालंय’ एवढाच शेरा आला. शेरा चूक नव्हता. पण तो ज्या गोष्टीवर आला ती अजून घडलीच नव्हती. पहिल्या खर्ड्याची सुरुवात ही लेखकाने स्वतःला दिलेली माहिती असते. ती बातमीसारखीच असते आणि पुढे बहुतेक कापलीच जाते. शेऱ्यानंतरचे दिवस चौथे प्रकरण लिहिण्याऐवजी पहिले तीन सजवण्यात जातात, आणि महिना संपतो तेव्हा हातात चांगली सजवलेली तीन प्रकरणे असतात. अर्धवट खर्डा दाखवू नये, या सल्ल्याचे कारण हे आहे. टीकेला उत्तर देता येत नाही म्हणून नव्हे. टीकाकाराला पाहायला अजून वस्तूच नसते. विचारणाऱ्याला ‘महिना झाला की देतो, काका’ एवढे पुरते. वाद घातला की पुस्तकाचे कथानक तोंडी सांगून संपते, आणि तोंडी सांगून झालेले लिहायला मन पुन्हा तयार होत नाही.

तिसऱ्या प्रकारची बोलणी या भागात विशेष जड आहेत. महाड-पोलादपूरचा लेखक आपल्या मुलखावर लिहू लागला की पूर आणि दरडी टाळता येत नाहीत. २५ जुलै २००५ ला जुई, दासगाव, रोहण आणि कोंडीवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होते आणि तळिये गावावर डोंगर आला. यांतले काहीही कादंबरीत आले की विचारणारा विचारतो, ‘त्या रात्री तू कुठं होतास?’ हा प्रश्न नाउमेद करणारा असतो, पण त्याला नाउमेद करणाऱ्यांच्या रांगेत बसवणे हा अन्याय आहे. ज्याच्या घरातला गाळ त्याने स्वतः उपसला, त्याला पाणी कोणत्या बाजूने चढले, भरतीच्या वेळी ते का उतरत नाही, माळ्यावर काय नेले आणि काय राहिले, हे ठाऊक असते. लेखकाने अशा माणसाकडे महिन्याच्या आधी, माहिती विचारायला जावे. महिन्यानंतर पुस्तक दाखवायलाही प्रथम त्याच्याकडेच जावे. दुःख ज्या घरांचे आहे त्यांचे गाव, आडनाव, मृतांचे वय-नाते असे तपशील मात्र कादंबरीत जसेच्या तसे घेऊ नयेत. कल्पित गाव घेतले तरी सावित्रीचे पाणी तेच राहते.

छोट्या मुलखात आणखी एक धोका आहे. खलनायक तलाठी असला की तालुक्यातले सगळे तलाठी आणि त्यांचे मेव्हणे पुस्तक वाचतात. ‘हे आमच्या आण्णांवर लिहिलंय’ असे कोणी म्हणाले की नाकारूनही ते मिटत नाही. पात्राचा व्यवसाय, वय, बोलण्याची लकब आणि घराची जागा यांपैकी निदान तीन गोष्टी बदललेल्या असाव्यात. त्या बदलताना पात्र अनेकदा सुधारते, कारण लेखकाचा जुना राग त्यातून निघून जातो.

बोलीवरची टीका वेगळ्या जातीची. संवादात इथली बोली घातली की एक बाजू म्हणते ‘अशुद्ध लिहितोस’, दुसरी म्हणते ‘आपल्याकडं असं कुठं बोलतात?’ पहिल्या बाजूकडे लक्ष देण्याची गरज मराठी साहित्यात आता उरलेली नाही. दुसरीकडे बारकाईने द्यावे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला बोलणे जावळीकडे झुकते, खाली खाडीच्या बाजूला वेगळे होते. ही फोड पकडता येत नसेल तर संवाद साध्या मराठीत ठेवणे प्रामाणिक. खोट्या बोलीइतके लवकर उघडे पडणारे दुसरे काही नाही.

यांखेरीज एक टीकाकार लेखकाच्या आतच असतो. तिसऱ्या आठवड्यात तो जागा होतो, कारण तोवर नवेपणा संपलेला आणि शेवट दूर असतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला काम द्यावे. वहीच्या शेवटच्या पानांवर ‘दुसऱ्या खर्ड्यात पाहू’ अशा शीर्षकाखाली त्याच्या तक्रारी लिहीत जाव्यात: अमुक पात्र दहाव्या प्रकरणात हरवले, तमुक ठिकाणी मे महिन्यात भात हिरवे दाखवले आहे. तक्रार लिहून ठेवली की ती डोक्यात घोळत नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी हीच यादी कामाला येते.

महिना संपल्यावर खर्डा निदान शिमग्यापर्यंत उघडू नये. नंतर तो मोठ्याने वाचावा; डोळ्यांना न दिसणारी पुनरुक्ती कानाला कळते. दुसरा खर्डा झाल्यावर दोन वाचक निवडावेत, एक विषयाचा जाणकार आणि एक निव्वळ गोष्टीसाठी वाचणारा. त्यांना ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. कुठे कंटाळा आला, कुठे कळले नाही, कोणते पात्र खोटे वाटले, एवढेच विचारावे आणि ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नये. दोघांनी एकाच जागी बोट ठेवले तर ती जागा दुखरी आहे; दोघांची बोटे वेगळ्या जागी असतील तर लेखकाने आपल्या मताने चालावे. ज्येष्ठ वाचकांना दाखवायची वेळ त्यानंतरची. टंकलिखित प्रत युनिकोडमध्ये असावी, प्रकाशकाला पाठवण्याआधी तिची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी. पुस्तक छापण्यासाठी लेखकाकडेच पैसे मागणारा भेटला तर किती प्रती, त्या कोणाच्या ताब्यात, विक्रीचा हिशेब कधी आणि हक्क कोणाकडे, हे चार मुद्दे कागदावर आल्याशिवाय सही करू नये.