टेंभुर्णीचे पान

चैत्र-वैशाखात चंद्रपूर-गडचिरोलीकडील रानातून हिंडू लागले, म्हणजे टेंभुर्णीच्या झुडपांवर कोवळी, तांबूस पालवी आलेली दिसते. या झाडाला तेंदू असेही म्हणतात. भल्या पहाटे बायामाणसे पाने खुडावयास निघतात. पाठोपाठ मुलेही असतात. मग घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधावयाची आणि ती उन्हात वाळवावयाची. वाळलेल्या पानात तंबाखू भरून ते वळले व दोऱ्याने बांधले, की विडी तयार होते.

विडी ओढणाऱ्याच्या छातीचे काय होते, हे तुम्ही ऐकलेच असेल. परंतु मुलांनो, विडी पेटण्यापूर्वी कित्येकदा रान पेटलेले असते! पाने पुष्कळ आणि मऊ यावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी झुडपे छाटतात, आणि अनेक ठिकाणी पाचोळ्याला आग लावतात. आगीनंतर टेंभुर्णीला जोमदार फुटवे येतात, हे खरे. पण त्याच आगीत इतर झाडांची नुकती रुजलेली रोपे जळतात, लाव्ह्या-तितरांची भुईवरची अंडी करपतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला मिळते. वारंवार छाटलेल्या झाडास फळही फारसे धरत नाही. ज्याने पिवळेधमक, गोड टेंभुर खाल्ले आहे, त्याला हे नुकसान समजावून सांगावयास नको.

मग लोक हे काम करतात तरी का? उन्हाळ्यात शेतात काम नसते आणि पानांचे पैसे रोख मिळतात. पेरणीचे बियाणे त्यातूनच यावयाचे. या लोकांस दोष देणे सोपे आहे. मला मात्र ते न्यायाचे वाटत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. २०१२ साली या गावाला सुमारे १००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानांचा पैसा हाताशी होता. परंतु पानांसाठी झाडे छाटावी लागतात, रानाला आगी लागतात आणि शेवटी ते पान तंबाखूच्याच कामी येते, याचा विचार करून ग्रामसभेने पाने तोडावयाची नाहीत असे ठरविले. हातचा पैसा सोडणे सोपे नव्हते! पोटासाठी त्यांनी बांबूचा आधार घेतला. बांबू कसा तोडावा याचे नियम गावाने स्वतःच केले. तो विकून गावातच मजुरी मिळू लागली. इकडे टेंभुर्णीची झाडे पुन्हा भरली. आणि माणसांना व पाखरांनाही टेंभुरे मुबलक मिळू लागली.